जबड्याच्या गाठीची सुई तपासणी: ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

जबडा सुजलेल्या माणसाच्या खिशात खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी दिसली की विदर्भात डॉक्टरच्या मनात पहिला विचार कॅन्सरचा येतो, आणि बऱ्याचदा तो खरा ठरतो. पण त्याच ओपीडीत दाताच्या मुळाशी झालेली सिस्ट (पाण्याची पिशवी) येते, अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींची गाठ, येतो, सिकलसेलच्या मुलाच्या हाडातला जंतुसंसर्ग येतो, लहान पोराचा लिम्फोमाही (लसिका पेशींचा कॅन्सर) येतो. तक्रार सगळ्यांची एकच असते: "दुखत नाही जी, पण वाढून राह्यलं." बारीक सुईने पेशी ओढून काचेवर तपासणं, म्हणजे एफएनएसी, या गर्दीची पहिली विभागणी करून देतं. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, खर्च थोडा. धारणी, अहेरी किंवा उमरखेडहून नागपूर-सेवाग्रामला जायचं की नाही, आणि किती घाईने, हे ठरवायला एवढीही माहिती मोलाची असते.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. जबडा हे हाड आहे आणि बारीक सुई शाबूत हाडातून जात नाही. गाठीने हाड पातळ केलं असेल किंवा फोडलं असेल तिथेच ही तपासणी चालते. म्हणून यातलं अर्धं काम सुईच्या आधीचं आहे. पहिल्या काही तपासण्या अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

आधी बोट, मग फिल्म

काय विचारायचं ते ठरलेलं आहे. सूज कधीपासून, किती वेगाने वाढली, दात हलतात का. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर आहे का हे आवर्जून विचारा. रुग्ण आपणहून सांगत नाही, आणि बधिरपणा म्हणजे हाडातली नस दाबली गेली आहे किंवा रोगाने गिळली आहे. "दाढ काढली, पण खड्डा भरलाच नाही" असं कोणी सांगितलं तर तो खड्डा नीट पाहा. त्यातून मांस वर येत असेल तर रोग दाढेच्या आधीपासून तिथे होता, असं समजून चाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हिमोफिलिया, सिकलसेल, मधुमेह, ताप हेही विचारून लिहून ठेवा.

मग तपासा. एक बोट तोंडात, दुसऱ्या हाताची बोटं बाहेर, आणि गालाकडची व जिभेकडची अशा हाडाच्या दोन्ही भिंती दाबून पाहा. अमेलोब्लास्टोमा बहुधा दोन्ही बाजूंना फुगतो. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट (आत केराटिनचा थर साचणारी दातांशी संबंधित सिस्ट) पुष्कळ काळ हाडाच्या आतच लांबीने पसरते आणि बाहेर फारशी दिसत नाही. हाड अंड्याच्या कवचासारखं पातळ झालं असेल तर दाबताना बोटाखाली कुरकुरतं. जिथे कुरकुरतं किंवा मऊ लागतं, तीच सुईची जागा. ती लक्षात ठेवा किंवा त्वचेवर खूण करा.

गाठीला ठोका लागतो का, हाताखाली थरथर जाणवते का, स्टेथोस्कोप ठेवल्यावर आवाज येतो का, हे प्रत्येक रुग्णात पाहायचंच. दात घासताना हिरडीतून धार लागते, एखादा दात दाबला की आत जातो आणि सोडला की वर येतो, अशी लक्षणं असतील तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. अशा जबड्यात सुई घालू नका, दात तर अजिबात उपटू नका. एका दाढेच्या खड्ड्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. आधी कॉन्ट्रास्ट सीटी (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून औषध टोचून केलेला स्कॅन), मग पुढचं.

तोंडात जखम किंवा फुलकोबीसारखी वाढ डोळ्यांना दिसत असेल, तर सुईच्या मागे लागू नका. कडेचा तुकडा काढून बायोप्सी पाठवा. उत्तर जास्त पक्कं मिळतं. मानेत गाठ असेल तर सुई तिथे घाला. एफएनएसी खरी कामाची पडते ती वरची त्वचा आणि हिरडी शाबूत असून आत काहीतरी वाढत असतं तेव्हा.

फिल्मशिवाय, म्हणजे एक्स-रे पाहिल्याशिवाय, सुई नको. ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) उत्तम, ती दंत महाविद्यालयात किंवा मोठ्या सेंटरला मिळते. नसेल तर खालच्या जबड्याचा लॅटरल ऑब्लिक एक्स-रे साध्या मशीनवरही निघतो. त्यात पाहायचं ते असं: काळा भाग एकच आहे की कप्पे-कप्पे आहेत, न उगवलेला दात त्याला चिकटला आहे का, शेजारच्या दातांची मुळं कापल्यासारखी झाली आहेत का, आणि हाडाची कडा नेमकी कुठे तुटली आहे. दाताभोवतीची काळी रेघ सगळीकडून सारखीच रुंद झालेली दिसली तर ऑस्टिओसार्कोमा मनात ठेवा. दात हवेत तरंगल्यासारखे दिसले आणि रुग्ण लहान मूल असेल, तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस (हाड खाणारा पेशींचा एक रोग) किंवा लिम्फोमा.

टेबलावर काय मांडून ठेवायचं

सुई टोचल्यानंतर वस्तू शोधायला वेळ नसतो. २२ किंवा २३ गेजच्या दीड इंची सुया तीन-चार, एक १८ गेजची सुई, १० मिलिलिटरच्या दोन सिरिंज (सुई फिरवून घट्ट बसणाऱ्या असतील तर बऱ्या), स्वच्छ पुसलेल्या सहा ते आठ काचा, ९५ टक्के अल्कोहोल भरलेला झाकणाचा कॉप्लिन जार (काचा उभ्या बुडवायची खाचांची बरणी), पोव्हिडोन आयोडीन, गॉझ, सक्शन, ईडीटीएची (नमुना गोठू न देणाऱ्या रसायनाची) एक बाटली आणि थोडं १० टक्के फॉर्मॅलिन (तुकडे टिकवायचं द्रावण). दातांच्या इंजेक्शनची २७ गेजची सुई या कामाला फार बारीक पडते आणि हाडाला लागली की वाकते.

काचेवर नाव, नंबर, तारीख पेन्सिलने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, आणि मग कोणती काच कोणाची याचा वाद सुरू होतो. हवेत वाळवायची काच आणि अल्कोहोलमध्ये टाकायची काच यांवर आधीच वेगळी खूण करून ठेवा.

रुग्णाशी बोलणं

"सुई टोचली तं गाठ पसरते का, डॉक्टर साहेब?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाच्या मनात असतो, विचारला नाही तरी असतो. उत्तर सरळ द्या: "नाही काका, एवढ्या बारीक सुईने गाठ पसरल्याचं क्वचितच दिसतं. तपासणी न करता सहा महिने घरी राहिलं तर मात्र ती नक्की वाढते." सुई दोन-तीन वेळा घालावी लागेल, थोडं दुखेल, एक-दोन दिवस सूज राहील आणि नमुना कमी आला तर पुन्हा यावं लागेल, हेही आधीच सांगा. पुन्हा बोलावलं म्हणजे डॉक्टरला जमलं नाही, असा समज झाला की माणूस परत येत नाही. मग लेखी संमती घ्या.

वाट बाहेरून की तोंडातून

सूज जिथे सर्वांत मऊ, तिथून. दोन्हीकडून जमत असेल तर तोंडातून, हिरडी आणि गालाच्या मधल्या खाचेतून जाणं बरं. चेहऱ्यावर डाग नाही, आणि सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेत काढल्या जाणाऱ्या भागातच राहते. तोटा एकच: तोंडातल्या वरच्या थराच्या पेशी, लाळ आणि जंतू नमुन्यात येतात. म्हणून आधी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने गुळणी करून घ्या, जागा गॉझने कोरडी करा आणि मग आयोडीन लावा.

इथे आपल्या भागातली खास अडचण येते. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचं तोंड सबम्युकस फायब्रोसिसमुळे (गालाचा आतला थर कडक होण्याच्या रोगामुळे) दोन बोटंही उघडत नाही. मागच्या दाढेजवळची किंवा रॅमसची (जबड्याच्या मागच्या उभ्या भागाची) गाठ असेल तर तोंडातून सिरिंज धरायला जागाच उरत नाही, आणि घट्ट झालेल्या गालातून वाकडी सुई घालताना ती चुकते. अशा वेळी हट्ट न धरता बाहेरून जा. आधी मॅसेटर या चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला, हाडाच्या खालच्या काठावर फेशियल धमनीचा ठोका बोटाने शोधा आणि तिच्यापासून दूर राहा. खालच्या प्रीमोलर दाढांच्या मुळांजवळ मेंटल नस बाहेर पडते. तिथे सुई घातली तर रुग्णाला ओठात वीज चमकल्यासारखं वाटतं. तसं झालं की सुई मागे घ्या.

बाहेरून सुई घालताना बहुधा भूल लागत नाही. तोंडातून घालताना १० टक्के लिग्नोकेनचा फवारा किंवा फक्त वरच्या त्वचेखाली अर्धा मिलिलिटर लिग्नोकेन पुरे. गाठीतच भूल भरली तर पेशी विरळ होतात, फुगतात, आणि काचेवर काहीच नीट ओळखू येत नाही.

सुई घालताना

रुग्णाला डोक्याला आधार असलेल्या खुर्चीत किंवा टेबलावर निजवून घ्या. उपाशीपोटी पहाटेच्या एसटीने आलेला माणूस सुई बघून चक्कर येऊन पडू शकतो. आधी काही खाऊ घाला.

गाठ बोटाने स्थिर धरा. फिल्ममध्ये काळी पोकळी दिसत असेल तर पहिली सुई १८ गेजची, कारण आतलं पाणी घट्ट असू शकतं. सुई हाडाच्या पातळ भागातून आत गेली की अचानक मोकळी झाल्याचं हाताला कळतं. हळूच दट्ट्या ओढा आणि काय येतं ते पाहा. इथेच अर्धं निदान समोर असतं.

फिकट पिवळं, चमचम करणारं पाणी आलं तर साधी सिस्ट. चमचम कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांची असते. ते अल्कोहोलमध्ये विरघळतात, म्हणून एक थेंब तसाच, न रंगवता, कव्हरस्लिप ठेवून लगेच पाहा. कोपरा तुटलेल्या चौकोनी चकत्या दिसतात. पांढरट, घट्ट, कणीदार पदार्थ आला तर केराटोसिस्ट. त्यातलं विद्राव्य प्रोटीन सहसा १०० मिलिलिटरला ४ ग्रॅमपेक्षा कमी असतं, पण आत पू झाला असेल तर हा आकडा फसवतो. या सिस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ट्यूमर म्हटलं होतं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टच्या रांगेत बसवलं. जुन्या रिपोर्टमध्ये वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. पू आला तर एक भाग कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठवा, आणि त्यात पिवळे कण दिसले तर अॅक्टिनोमायकोसिस या जंतुसंसर्गाचा विचार करा. फक्त हवा आली तर रिकामी पोकळी किंवा वरच्या जबड्यात सायनस.

लालभडक रक्त दट्ट्याला स्वतःहून मागे ढकलत असेल तर तिथेच थांबा. आणखी ओढू नका, दुसऱ्यांदा टोचू नका. सुई काढा, दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, रुग्णाला बसवून ठेवा आणि कागदावर ठळक लिहा: बायोप्सी करू नये, दात काढू नये. तपकिरी, संथ येणारं रक्त वेगळं; ते जायंट सेलच्या गाठीत किंवा अॅन्युरिस्मल बोन सिस्टमध्ये मिळतं.

पाणी निघालं की काम झालं, असं वाटणं ही नवख्यांची नेहमीची चूक. सिस्टसारखा दिसणारा अमेलोब्लास्टोमा बहुधा पाण्यात पेशी सोडत नाही. रिपोर्ट 'सिस्टचं पाणी' असा येतो आणि रोग भिंतीत बसलेला राहतो. म्हणून पाणी काढल्यावर पुन्हा हात फिरवा आणि जो भाग अजून भरीव लागतो किंवा फिल्ममध्ये जाड दिसतो, तिथे २३ गेजची नवी सुई घाला.

भरीव गाठीची पद्धत अशी: सुई आत गेल्यावर दट्ट्या ५ ते ८ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ओढून धरा. गाठीच्या आतच सुई आठ-दहा वेळा पुढे-मागे करा, दर वेळी थोडी दिशा बदलून. सुईच्या बुडाशी द्रव दिसला की थांबा. मग, आणि हे विसरायचं नाही, सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून दाब शून्य करा. दाब तसाच ठेवून सुई ओढली तर नमुना सिरिंजच्या नळीत उडतो, तिथे चिकटतो आणि काचेवर येतच नाही. रक्त फार येत असेल तर सिरिंज न लावता नुसती सुई फिरवा. पेशी केशाकर्षणाने आपोआप वर चढतात. दोन-तीन वेगवेगळ्या जागी टोचा, मग पाच मिनिटं दाबून धरा.

पहिली दहा सेकंदं

बहुतेक वाया गेलेले नमुने गाठीत नाही, टेबलावर वाया जातात. सुई काढून सिरिंजमध्ये हवा भरा, सुई परत लावा, टोक काचेला टेकवून एक थेंब सोडा. दुसरी काच तिच्यावर आडवी ठेवून तिच्याच वजनाने सरकवा. जोर दिला तर पेशी चिरडतात. लिम्फोमाच्या पेशी तर धाग्यांसारख्या ताणल्या जातात.

अल्कोहोलची काच पसरताच जारमध्ये गेली पाहिजे. चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि डोक्यावर पंखा असताना, पातळ थर हात जारपर्यंत पोचायच्या आत सुकतो. मग पॅप रंगात (अल्कोहोलच्या काचांना द्यायच्या रंगात) केंद्रकं फुगलेली आणि धूसर दिसतात. पंखा बंद करा, जार टेबलाच्या कडेला उघडा ठेवा, काच टाकली की झाकण लावा. अल्कोहोल उडत असल्याने रोज भरा. किमान अर्धा तास काच आत राहू द्या.

हवेत वाळवायच्या काचांचं उलटं आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या हळू वाळतात आणि पेशी आक्रसतात. त्या वेळी पंखा हवाच; काच हातात धरून हलवली तरी चालतं, फुंकर मारू नका.

या काचांचा सर्वांत मोठा शत्रू फॉर्मॅलिन. त्याच्या वाफेने जिएम्सा आणि लिशमन हे वाळलेल्या काचांना द्यायचे रंग बिघडतात, सगळं निळसर-हिरवं दिसतं. बायोप्सीची बाटली आणि काचा एकाच डब्यात घालून एसटीने पाठवायची पद्धत सर्रास आहे, ती मोडा. दोन डबे, दोन पिशव्या. लांबचा प्रवास असेल तर वाळलेली काच मेथॅनॉलमध्ये दहा मिनिटं बुडवून, पुन्हा वाळवून पाठवा.

उरलेलं पाणी ईडीटीएमध्ये घ्या, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५ ते १० मिनिटं फिरवा आणि तळाचा गाळ काचेवर पसरा. सुईत अडकलेले बारीक तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाका. सेल ब्लॉकला, म्हणजे ते मेणात बसवून पातळ काप काढायला, उपयोगी पडतात.

तिथल्या तिथे रंगवायचं असेल तर लिशमन सोपा. वाळलेली काच झाकेल इतका रंग, दोन मिनिटं. त्यावर रंगाच्या दुप्पट बफरचं पाणी, हळूच मिसळून १० ते १५ मिनिटं, मग धुवा. बफर ६.८ पीएचचा आणि डिस्टिल्ड पाण्यातला हवा. बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी वापरलं की सगळी काच गडद निळी होते आणि केंद्रकाचा तपशील बुडतो. पेशी आल्या की नाही एवढंच पाहायचं असेल तर ओल्या काचेवर टोल्युडीन ब्लूचा एक थेंब पुरे. रुग्ण समोर असतानाच हे केलं तर पुन्हा टोचता येतं आणि त्याची दीडशे किलोमीटरची फेरी वाचते.

काचेवर काय दिसतं

अमेलोब्लास्टोमात दोन प्रकारच्या पेशी शोधा. एक, लहान, गडद, बेसल (तळच्या थरातल्या) पेशींचे घट्ट पुंजके, ज्यांच्या कडेला पेशी एका ओळीत उभ्या असतात. दोन, मधल्या सैल, लांबट, तारकेसारख्या पेशी. काही ठिकाणी सपाट स्क्वॅमस पेशीही असतात. वय, खालच्या जबड्याचा मागचा भाग आणि कप्प्यांची फिल्म जुळली तर निदानाला जोर येतो. नुसत्या बेसल पेशी पाहून लिहू नका. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथीचा कॅन्सर) हाही तसाच दिसतो, विशेषतः वरच्या जबड्यात.

अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि सोबत लांबट पेशी दिसल्या की रिपोर्ट 'जायंट सेल लिजन' एवढाच होतो. जायंट सेल ग्रॅन्युलोमा, चेरुबिझम (मुलांचे जबडे फुगण्याचा आनुवंशिक रोग) आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीमुळे होणारा ब्राऊन ट्यूमर काचेवर वेगळे करता येत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) मागवा. ब्राऊन ट्यूमर निघाला तर उपचार मानेतल्या ग्रंथीचा, जबड्याचा नाही.

लहान मुलात वेगाने वाढलेली सूज, सुट्या गोल पेशी आणि त्यांच्या निळ्या पेशीद्रवात छोटे पोकळ ठिपके दिसले तर बर्किट लिम्फोमा (फार वेगाने वाढणारा लिम्फोमा). त्याच दिवशी फोन करून पाठवा, टपालाने नाही. वयस्कात प्लाझ्मा पेशींचा खच दिसला तर मायलोमाच्या (त्याच पेशींच्या कॅन्सरच्या) तपासण्या. बाईच्या खालच्या जबड्यात ग्रंथीसारख्या पेशी मिळाल्या तर स्तन तपासायला विसरू नका. फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड आणि प्रोस्टेटचा कॅन्सरही जबड्यात उतरतो.

फसवणारे नमुने दोन. सुजलेल्या सिस्टमधल्या स्क्वॅमस पेशी चिडून बेढब होतात आणि कार्सिनोमा वाटतात. याउलट कॅल्सिफाइंग एपिथेलियल ओडोन्टोजेनिक ट्यूमरच्या पेशी मुळातच वेड्यावाकड्या असतात, पण तो सौम्य असतो; भोवतीचा अमायलॉइड (साचलेलं प्रथिन) काँगो रेड या रंगाने दाखवता येतो. फायब्रस डिस्प्लेझिया, ऑसिफाइंग फायब्रोमा, ओडोन्टोमा या कठीण गाठींतून सुईत जवळजवळ काहीच येत नाही. तिथे सुईचा नाद सोडा.

मागणीचा कागद आणि नंतरचं

'जबड्याची सूज, एफएनएसी करावी' एवढंच लिहिलेला कागद पॅथॉलॉजिस्टच्या हाती गेला की त्यांचे हात बांधले जातात. वय, बाजू, नेमक्या कोणत्या दातांच्या जागी, कालावधी, बधिरपणा, खर्ऱ्याची सवय, सिकलसेल आहे का, फिल्ममध्ये काय, सुईत काय आणि किती आलं, कोणत्या वाटेने टोचलं हे लिहा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवा. खिडकीच्या उजेडात धरून काढलेलाही चालतो.

रिपोर्ट सौम्य आला आणि फिल्म-बोट वेगळं सांगत असेल, तर फिल्म आणि बोटावर भरवसा ठेवा. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ त्या काचेवर नव्हत्या, एवढाच. अपुरा नमुना आला तर एकदा पुन्हा टोचा. दुसऱ्यांदाही अपुरा आला तर तिसऱ्या सुईत वेळ घालवू नका, तुकड्याच्या बायोप्सीला पाठवा. जबडा कापायची शस्त्रक्रिया नुसत्या सुईच्या रिपोर्टवर ठरत नाही. तिच्याआधी ऊतीची तपासणी लागतेच. रुग्णाला नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळला पाठवताना रंगवलेल्या काचा, फिल्म आणि रिपोर्टची प्रत त्याच्या हातात द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यायला सांगा, आणि मोबाइल नंबर घरातल्या दोघांचे लिहून घ्या. पेरणी-कापसाच्या दिवसांत एक फोन बहुधा शेतात, रेंजबाहेर असतो.